राउटरचं बारसं

शनिवारी दुपारी अडीच वाजता शांतारामरावांनी घरातलं बऱ्यापैकी चालतं इंटरनेट दुरुस्त केलं, आणि ते बंद पडलं.

चालत्या वस्तूला हात लावायची ही खोड त्यांना रिटायर झाल्यापासूनची. आधी मिक्सर झाला, मग दाराची बेल झाली. बेल आता दाबली की वाजत नाही, बोट काढलं की वाजते. वसईतल्या माणिकपूरच्या त्या सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते पाठ झालंय, त्यामुळे बेलचं कोणी मनावर घेत नाही. इंटरनेटची गोष्ट निराळी होती. त्या दिवशी चार वाजता सुनेची मीटिंग होती, आणि सूनबाई या घरात राहणार की बंगळूरला जाणार हे त्या मीटिंगवर ठरायचं होतं. त्यातून खरं सांगायचं तर हे काम शांतारामरावांच्या गळ्यात घातलं होतं जयवंतीबाईंनीच. म्हणून तर आज त्या गप्प होत्या. एरवी नवऱ्याला त्यांनी असं सुकं सोडलं नसतं.

झालं होतं असं. गुरुवारी जयवंतीबाई स्वयंपाकघरात वाल सोलत बसल्या होत्या आणि भिंतीपलीकडे सून कंपनीतल्या साहेबाशी बोलत होती. साहेब हिंदीत बोलत होता, पण नेमकं हवं तेवढं भिंतीतून आलं. तुमच्याकडे नेट सारखं जातं, परवा तर तुम्ही तोंड उघडं ठेवून अर्धा तास थिजलेल्या दिसत होता, आता शनिवारी परदेशातल्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचंय, तेव्हा पुन्हा असं झालं तर घरून काम विसरा, एक तारखेपासून बंगळूरच्या ऑफिसात या. सून "जी सर, जी सर" म्हणत राहिली.

जयवंतीबाईंच्या हातातला वाल हातातच राहिला. ती गेली की मुलगा सुमेधही जाणार, त्याच्या कंपनीचं ऑफिस तिकडेही आहेच. मुलगा जाणार म्हटल्यावर आईला वाईट वाटायचंच, त्यात नवल नाही. नवल हे, की त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो मुलगा नव्हताच. समोर आला साडेतीनचा चहा. सून रोज साडेतीनला खोलीतून बाहेर यायची, दोन कप टाकायची, एक सासूपुढे सरकवायची आणि दहा मिनिटं समोर बसायची. फार बोलणं नाही. समोरच्या लुसीबाईंनी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली असली तर एकेक, नाहीतर नुसता चहा. ते दहा मिनिटांचं बसणं आपल्याला एवढं लागतं, हे जयवंतीबाईंना त्या गुरुवारपर्यंत माहीत नव्हतं.

पण हे सुनेला सांगायचं कसं? तिला हाक मारायचीच पंचाईत.

ती पंचाईत तीन वर्षांची जुनी. सुमेधचं लग्न झालं तेव्हा जयवंतीबाईंनी सुनेसाठी नाव काढून ठेवलं होतं, वसुंधरा. कसं भारदस्त नाव! पेढ्यांच्या बॉक्सवर "सौ. वसुंधरा" अशा चिठ्ठ्यासुद्धा चिकटवून झाल्या होत्या. लग्न लागलं, वरात घरी आली, लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, सुमेधच्या हातात सोन्याची अंगठी दिली. गुरुजी म्हणाले, लिहा वधूचं नवीन नाव. सुमेधने बायकोकडे पाहिलं, बायकोने सुमेधकडे पाहिलं, आणि पठ्ठ्याने तांदळात सावकाश लिहिलं, ऋतिका. "अहो, हे तर जुनंच," गुरुजी म्हणाले. "हेच राहू दे म्हणते ती," सुमेध म्हणाला. सगळे नातेवाईक पाहत होते. जयवंतीबाईंना त्या रात्री बसून चाळीस बॉक्सांवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडाव्या लागल्या.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेला नावाने हाक मारलेली नाही. वसुंधरा म्हणायची सोय नव्हती आणि ऋतिका म्हणणार नाही हा हट्ट होता. मग काय, "अगं", "ए", "ऐकलं का". लांब असली तर ताटलीवर चमचा वाजवायचा. फोनमध्ये तिचा नंबर "सुमेध मिसेस" म्हणून ठेवलेला. सूनही हुशार, चमचा वाजला की "आले आई" म्हणून यायची. तीन वर्षं या घरात एका माणसाला नाव नव्हतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

तर गुरुवारी जयवंतीबाईंनी नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, "अहो, त्या इंटरनेटचं काहीतरी बघा. तिला त्रास होतोय." शांतारामरावांना तेवढं पुरलं. शनिवारी सकाळी ते बाजारात जाऊन नवाकोरा राउटर घेऊन आले, चार शिंगांचा. दुपारी मीटिंगआधी सून न्हायला गेली तेवढ्यात त्यांनी जोडलासुद्धा, तिला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. जुना त्यांनी आदल्या दिवशीच पाहून ठेवला होता, दोनच शिंगांचा. दोनाचे चार झाल्यावर नेट दुप्पट येणार, हा त्यांचा हिशेब.

नवा राउटर भिंतीवर बसला आणि त्याच्या कपाळावर लाल दिवा लागला. तो काही केल्या जाईना.

"बाबा, हे काय केलंत?" केस टॉवेलात गुंडाळलेली सून हॉलमध्ये उभी होती.

"अगं, चार शिंगं आहेत त्याला," शांतारामराव म्हणाले. आवाज मात्र बसला होता.

पोरगी ओरडली नाही, चिडली नाही, हेच जयवंतीबाईंना जास्त लागलं. ती खुर्चीवर चढली, राउटरची पाठ पाहिली आणि म्हणाली, "बाबा, माळ्यावर केबलचं नेट घेणारा मोडेम आहे ना, त्याची ही वायर या निळ्या भोकात लावायची असते. तुम्ही पिवळ्यात लावलीत."

"पिवळी चार होती. निळं एकटंच होतं. मला वाटलं, ते शोभेचं असेल."

"अहो, शोभेचं कसं असेल? राउटर आहे तो, शोकेस नव्हे!" जयवंतीबाईंना राहवेना.

वायर निळ्यात गेली. लाल दिवा तस्साच. सुनेने घड्याळ पाहिलं, तीनला दहा कमी. तिने मोबाईलवरून करून पाहिलं, पण त्या घरात मोबाईलला रेंज म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीत एक दांडी, तीही फोन उंच धरला तर. न्हाणीघरात बसून परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय दाखवणार? समोर लुसीबाईंकडे जावं तर त्या भुईगावला लेकीकडे, दाराला कुलूप. सुमेध ऑफिसात, तो रात्री यायचा. शेवटी सुनेने त्याच एका दांडीवर केबलवाल्या अल्पेशला फोन लावला.

अल्पेश वालीवला भावाच्या साखरपुड्यात होता. मागे बेंजो असा वाजत होता की आपलं बोलणं पोचावं म्हणून तो किंचाळत होता, आणि ते सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"नवीन राउटर लावला? मला न विचारता? ताई, तो नाय चालणार! मोडेमने जुन्याला पकडून ठेवलाय!"

"म्हणजे मॅक ॲड्रेस?"

"हां, तोच! प्रत्येक राउटरला जन्माचा एक नंबर असतो ना, आपला मोडेम पयला जो नंबर बघतो तोच डोक्यात ठेवतो. दुसरा कोण आला की नेट देत नाय. म्हणतो, तू कोण? दोन रस्ते आहेत. एक, नवीन राउटरला जुन्याचा नंबर चिकटवा, म्हणजे त्याला वाटेल जुनाच आहे. नायतर मोडेम पाच मिनिटं पूर्ण बंद ठेवा. तो सगळं विसरतो, मग जो समोर येईल तो त्याचा! ए, थांब रे, आलो—" आणि बेंजोने त्याला गिळून टाकलं.

मोडेमचं हे वागणं ऐकून जयवंतीबाईंना मनातून तो आवडलाच. याला म्हणतात निष्ठा. एकदा ज्याला घरचं मानलं त्यालाच दार उघडायचं. उद्या कोणीही उपटसुंभ येईल चार शिंगं लावून, त्याला काय लगेच पाट-पाणी द्यायचं? त्या म्हणाल्या, "मग घाला की त्या नव्याला जुन्याचं नाव. एवढं काय त्यात? ज्या घरात राहायचं त्या घरच्या रीतीने राहावं. नाव बदललं म्हणून काही अंगाला भोकं पडत नाहीत."

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

शांतारामराव एकदम राउटरचं माहितीपत्रक वाचायला लागले, तेही उलटं धरून. सून सासूकडे पाहत राहिली. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तेच करणार होते आई," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही, राउटरची पण नसावी. फक्त जुन्याचा नंबर लागेल. तो त्याच्या बुडाला चिकटवलेला असतो. बाबा, जुना राउटर कुठाय?"

शांतारामरावांनी पत्रक खाली घेतलं. "दुकानात ठरवून आलो होतो, त्यांचा पोरगा जोडणी झाल्या झाल्या येऊन घेऊन गेला. त्याच्या बदल्यात त्याने ही पिशवी दिली," आणि त्यांनी खरोखरच एक पिशवी वर धरली. कापडी होती, बरी होती.

दुकान दुपारी बंद. दुकानदाराचा फोन बंद. म्हणजे नाव बदलायची वाट तर गेली. उरला दुसरा रस्ता, मोडेमला विसरायला लावायचा.

आता हा मोडेम बसलेला कुठे, तर स्वयंपाकघराच्या दारावरच्या माळ्यावर. केबल खिडकीतून तिथेच आत आली होती, म्हणून पाच वर्षांपूर्वी अल्पेशने तो तिथेच टेकवला होता. त्याच्यापुढे जयवंतीबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, बरण्यांपुढे गणपतीच्या मखराचे पुठ्ठे. त्या माळ्यावर कोणी चढायचं नाही, असा जयवंतीबाईंचा कायदा होता, कारण शांतारामराव एकदा चढले होते आणि तेव्हाचं मिरचीचं लोणचं अजून कोणी विसरलेलं नाही.

"चढायचं कशाला?" शांतारामराव म्हणाले. त्यांना आता काहीतरी बरोबर करून दाखवायचं होतं. "मेन स्विच बंद करतो. घरातली सगळीच वीज गेली की मोडेम काय वेगळा राहणार आहे? वीज जाते तेव्हा नेट जातंच ना आपलं?"

ते जातंच होतं. वसईत राहून वीज गेल्यावर काय काय जातं हे कोणाला सांगायला नको. मेन स्विच खाली आला. फ्रिजने आचका दिला, हॉलमधला पंखा तेवढा इन्व्हर्टरवर फिरत राहिला. तिघंही हॉलमध्ये बसली. पाच मिनिटं. वीज आणली. राउटरचे दिवे एकेक करून उजळले, सगळ्यांनी श्वास धरला, आणि शेवटचा दिवा लागला तो लालच.

सव्वातीन.

न्हाणीघराच्या खिडकीत पुन्हा फोन झाला. अल्पेश ओरडला, "पाचने नाय झालं तर पंधरा मिनिटं ठेवा! जिद्दी असतात काय काय मोडेम!" पुन्हा मेन स्विच खाली. या वेळी शांतारामराव खाली गेले, दुकान उघडलंय का ते पाहून येतो म्हणून. खरं म्हणजे त्यांना त्या दोघींच्या समोर बसवत नव्हतं.

सासू-सून राहिल्या. साडेतीन होत आले होते. सून सवयीने उठली, गॅसवर चहा टाकला, दोन कप घेऊन आली. एक सरकवला. घड्याळाकडे बघता बघता तिच्या हातून बशीत चहा सांडला.

"बंगळूरचं मला ठाऊक आहे," जयवंतीबाई म्हणाल्या.

सुनेने मान वर केली.

"भिंत पातळ आहे. मी मुद्दाम ऐकलं नाही. म्हणजे नंतर ऐकलं." जयवंतीबाईंनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "यांना मीच म्हटलं होतं बघा म्हणून. माझीच चूक. तू जावीस म्हणून नव्हतं गं केलं."

"मला माहितीये आई."

"तुला काय माहितीये? मी कधी बोलले का तसं?"

"नाही बोललात," सून म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला जायचं नाहीये तिकडे. पण माझ्या हातात काय आहे?"

हाक मारायला नाव नसलं की समजूत घालणंही अवघड जातं, हे जयवंतीबाईंना पहिल्यांदाच कळलं. म्हणून त्या भलतंच बोलून गेल्या. "मला कृष्णा म्हणायचे."

"काय?"

"माहेरी. वाईजवळचं आमचं गाव, कृष्णेकाठचं. पूर आला होता त्या साली झाले म्हणून कृष्णा. इकडे आले आणि यांनी तांदळात लिहिलं, जयवंती. माझ्या सासूबाईंनी निवडलं होतं. पहिले सहा महिने कोणी जयवंती म्हणून हाक मारली की मी बघायचेच नाही. वाटायचं, दुसऱ्या कोणाला बोलावतात. सासूबाई म्हणायच्या, सून बहिरी मिळाली!" त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यातच संपलं. "आता माहेरची माणसंही राहिली नाहीत. चाळीस वर्षांत कोणी त्या नावाने बोलावलं नाही. गेलं ते नाव."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की! रडले होते मोरीत बसून. पण आपल्याला सांगायची सोय होती का? म्हणून तर तू ताटाशी बसून नाही म्हणालीस तेव्हा मला असा राग आला, असा राग आला..." जयवंतीबाई थांबल्या. तीन वर्षं ज्याला त्या राग म्हणत होत्या, त्याचं दुसरंच काहीतरी नाव निघत होतं. "जाऊ दे. मला जमलं नाही ते तुला जमलं, एवढंच."

सुनेने आपला हात सासूच्या हातावर ठेवला. पंखा वरती कुरकुरत फिरत होता.

आणि तेवढ्यात जयवंतीबाईंची नजर त्या पंख्यावर गेली.

"अगं ए," त्या ताडकन उठल्या, गुडघ्यातून कळ आली तरी उठल्या. "हा पंखा इन्व्हर्टरवर आहे!"

"हो, मग?"

"मग माळ्यावरचा पॉइंटही इन्व्हर्टरवर आहे! इन्व्हर्टर बसवला तेव्हा घरात मी एकटी होते. वायरमनला मीच म्हटलं, माळ्यावरच्या पॉइंटला पण जोड, गणपतीत मखराचे दिवे तिथून येतात. बाप्पा अंधारात बसायला नकोत, म्हणून. आणि मग अल्पेशने आपला मोडेम त्याच पॉइंटला लावला!"

सुनेने कपाळावर हात मारला. "म्हणजे वीज गेली की फक्त राउटर बंद व्हायचा..."

"आणि वरचा मेला टक्क जागा! पाच वर्षं झोपलेला नाही तो! विसरेल कसा?"

कायदा मोडला. जयवंतीबाईंनी स्वतः स्टूल आणलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सून वर चढली, मखराचे पुठ्ठे बाजूला केले. "ती डावीकडची बरणी लिंबाची आहे, तिला ढकलू नकोस. उजवीकडची ढकललीस तरी चालेल, ती यांच्या बहिणीने दिलीय." बरण्यांच्या मागे चार हिरवे दिवे लुकलुकत होते. मेन स्विच खाली, सगळ्या घराची वीज गेलेली, आणि हे महाशय मजेत जुन्या राउटरची वाट पाहत बसलेले.

"काढ त्याला," जयवंतीबाई खालून म्हणाल्या. सुनेने खटकन प्लग ओढला. दिवे विझले.

"झोप बाबा," जयवंतीबाई म्हणाल्या. "फार दिवस राखण केलीस."

पाच मिनिटं दोघींनी घड्याळाकडे बघून काढली. शांतारामराव परत आले, दुकान बंदच होतं. त्यांना दारातच उभं करून मेन स्विचवर नेमण्यात आलं. वर प्लग लागला. चारी दिवे आले. मग मेन स्विच. मग राउटर. एक दिवा, दुसरा दिवा, तिसरा. शेवटचा दिवा थोडा वेळ लागलाच नाही. मग तो लागला, आणि निळा लागला.

शांतारामरावांनी टाळी वाजवली. घड्याळात चारला नऊ कमी होते.

सून मोबाईलवर भराभर बोटं चालवत होती. मध्येच थांबली. "नाव मागतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"राउटर. या वायफायला नाव द्यायचंय. शोधलं की सगळ्यांच्या फोनवर ते दिसेल. नाव दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही." तिने सासूकडे पाहिलं आणि एकाएकी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "आई, तुम्ही ठेवा. घरातल्या मोठ्या माणसाने ठेवायचं असतं ना."

मोबाईलच्या पडद्यावर पांढरा रिकामा चौकोन होता. जयवंतीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. तीन वर्षांनी ताट त्यांच्यापुढे आलं होतं, तांदूळ पसरलेले, आणि या वेळी बोट त्यांचं होतं. वसुंधरा लिहिलं असतं तर कोणी नाही म्हणणार नव्हतं. पोरगी घाईत होती, तिने हूं की चूं केलं नसतं. क्षणभर, खोटं कशाला सांगा, जयवंतीबाईंच्या मनात ते आलंसुद्धा. बोट व्ही या अक्षरावर जाऊन आलं.

मग त्यांनी विचारलं, "तुझं स्पेलिंग काय गं? आर आय की आर यू?"

सून त्यांच्या खांद्याशी वाकली. "आर यू," ती म्हणाली.

जयवंतीबाईंनी एकेक अक्षर दाबलं, तांदळात लिहितात तसं सावकाश. मध्ये एक टी जास्त पडला, तो सुनेने पुसून दिला. झालं. "आता पासवर्ड बिसवर्ड तुझं तू घाल," असं म्हणून त्यांनी मोबाईल तिच्या हातात कोंबला, "आणि पळ. तो साहेब बसला असेल तिकडे."

पुढचा सव्वा तास जयवंतीबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. बेलला हात लावणाऱ्याला त्या आधीच दार उघडून गप्प करत होत्या. कुकर लावू दिला नाही, मिक्सरचं नाव काढू दिलं नाही. शांतारामरावांना शिंक आली तर ती त्यांनी जिन्यात जाऊन द्यायची होती. खोलीतून सुनेचा आवाज येत होता, इंग्रजीत, न तुटता, न थिजता. जयवंतीबाईंना त्यातलं फार कळत नव्हतं, पण पोरीचा आवाज चढत होता, मग ती हसली, मग पलीकडे तीन-चार माणसं हसली. तेव्हा कुठे त्यांनी पाय लांब केले.

सव्वापाचला खोलीचं दार उघडलं. सून दारात उभी. "साहेब म्हणाले, असं नेट असेल तर बंगळूरला येऊन काय करणार? बसा तिथेच," ती म्हणाली आणि सरळ येऊन सासूच्या गळ्यात पडली. जयवंतीबाईंनी "अगं, अगं, चष्मा" म्हटलं, पण सोडलं नाही.

"चार शिंगांची कमाल," शांतारामराव खिशातून मोबाईल काढत म्हणाले. "बरं, आता मलाही जोडून द्या. हे बघा, दिसतंय इथे, ऋतिका! वा! पासवर्ड काय?"

सुनेने सासूकडे एकदा पाहिलं. "कृष्णा," ती म्हणाली. "इंग्रजीत. आठ अक्षरं लागतात, म्हणून पुढे एक टाकलाय. कृष्णा एक."

"छान, छान," शांतारामराव एकेक अक्षर शोधत दाबायला लागले. "देवाचं नाव ठेवलंस हे बरं केलंस."

जयवंतीबाई त्या बोटाकडे पाहत होत्या. चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाने, याच बोटाने, तांदळात दुसरं नाव काढलं होतं. आता तेच बोट चाचपडत, चुकत, पुन्हा पुसत, कृष्णा लिहीत होतं.

"देवाचं नव्हे हो," त्या म्हणाल्या. "माझं आहे ते."

शांतारामरावांचं बोट थांबलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, मग पुन्हा बायकोकडे. त्यांनी उरलेला एक सावकाश दाबला, आणि मोबाईल जोडला गेला.

"साडेतीनचा चहा गार झाला," जयवंतीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "ऋतिका, परत टाक गं. आज तिघांचा टाक."